प्रत्ययाचा जामीन

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात जामिनाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्ज घेणाऱ्याला वेळेवर हजर करण्याची हमी घेणारा, तो दर्शनाचा जामीन. ‘हा मनुष्य फसवणारा नाही, माझ्या सांगण्यावर त्याला द्या’ असे म्हणणारा, तो प्रत्ययाचा. आणि ‘त्याने न दिल्यास मी देईन’ असे म्हणणारा, तो दानाचा. यापुढे स्मृतिकार एक बारीक पण फार अर्थपूर्ण भेद करतात. दर्शनाचा किंवा प्रत्ययाचा जामीन वारला, तर त्याच्या मुलांवर त्या ऋणाचा भार पडत नाही. दानाचा जामीन वारला, तर पडतो. म्हणजे शीलाची ग्वाही ती देणाऱ्या माणसाबरोबर संपते आणि द्रव्याची हमी त्याच्या मागे उरते. हा भेद आम्ही विद्यार्थिदशेत वाचला होता आणि परीक्षेपुरता पाठ करून विसरलोही होतो. अलीकडे तो पुन्हा आठवला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, आमच्या भाच्याच्या फोनच्या काचेवर.

हा भाचा संगणकाच्या धंद्यात परदेशी असतो आणि त्याच्या कामाचा काही मोबदला त्याला बिटकॉइन या चलनात मिळतो. गेल्या चतुर्थीला तो घरी आला असता, माटोळी बांधून होत आली होती तेवढ्यात त्याचा फोन किणकिणला आणि काचेवर एक हिरवी खूण उमटली. ‘आले,’ तो म्हणाला. आम्ही म्हाताऱ्या माणसाच्या चौकसपणाने विचारले, ‘कोठे आले? कोणाच्या वहीत लिहिले गेले?’ त्याने क्षणभर विचार केला आणि हसून म्हणाला, ‘खरे सांगायचे तर मामा, अजून कोठेच लिहिले गेलेले नाही. तासाभरात लिहिले जाईल.’ ‘मग आले असे का म्हणालास?’ यावर त्याचे उत्तर एवढेच, की यंत्र तसे म्हणते.

त्या तासाभरात त्याच्या हाती नेमके काय होते, आणि ते ‘आले’ या शब्दाने सांगणे योग्य होते काय, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनात घर करून बसला आहे. विषय पुष्कळ वाचकांस नवा असल्यामुळे थोडी पायाभरणी करणे भाग आहे. जाणत्यांनी ती ओलांडून पुढे जावे. या चलनाची शिफारस करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही, हेही येथेच सांगून टाकतो. आपल्या देशात ते कायदेशीर चलन नाही, आणि २०२२ पासून त्यावरील नफ्यावर तीस टक्के कर आहे. आमचे कुतूहल त्यामागील नीतिविचारापुरते आहे.

बिटकॉइन म्हणजे नाणे नव्हे, नोटही नव्हे. ती एक वही आहे. सातोशी नाकामोतो असे नाव धारण करणाऱ्या अज्ञात लेखकाने २००८ च्या ऑक्टोबरअखेर एका छोट्या निबंधात तिची कल्पना मांडली आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत आणि ती कोणा एका शेटजीच्या, बँकेच्या वा सरकारच्या ताब्यात नाही. सरासरी दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडले जाते. या पानास ब्लॉक म्हणतात. पान जोडण्याचा मान मिळवण्यासाठी संगणकांना पुष्कळ वीज खर्चून अवघड आकडेमोड करावी लागते, आणि प्रत्येक पानात मागील पानाची खूण गुंफलेली असते. त्यामुळे मागचे एखादे पान बदलायचे, तर त्यानंतरची सारी पाने तितकाच खर्च करून पुन्हा लिहावी लागतात. वहीचा खरेपणा लेखनिकाच्या सचोटीवर अवलंबून नाही. खोटे लिहिणे परवडू नये, अशी व्यवस्था करून तो राखला आहे.

आता कोणी कोणास पैसे देऊ केले, तर ते देणे प्रथम जाहीर होते आणि मागाहून पानावर चढते. पानावर चढले म्हणजे त्याला पुष्टी मिळाली असे म्हणतात. या दोहोंमध्ये कधी दहा मिनिटे, कधी तास, गर्दी असल्यास त्याहूनही अधिक काळ जातो. या संधिकालात देणारा तेच पैसे दुसऱ्या कोणाला, बहुधा आपल्याच दुसऱ्या खात्याला, दिल्याचे जाहीर करू शकतो. दोन्ही देणी वहीत चढणार नाहीत, एकच चढेल; आणि ते कोणते, हे घेणाऱ्याच्या हाती नसते. याला दुबार खर्च म्हणतात. आमच्या जुन्या पेढ्यांना ही भीती ठाऊक होती. हुंडी वाटेत हरवली तर ‘पेठ’ लिहून देत, पेठही हरवली तर ‘परपेठ’. आणि एकाच रकमेचे तीन कागद हिंडत असता दोनदा चुकारा होऊ नये याची काळजी पेढीवाल्याला घ्यावी लागे. (देवळातील दानपेटीला हुंडी म्हणणाऱ्या हैदराबादेकडील वाचकांनी येथे सावकारी हुंडी समजावी.)

पुष्टी न मिळालेले पैसे स्वीकारावेत काय, हा प्रश्न वहीच्या जन्मापासूनचा आहे. २०१० च्या जुलैमध्ये कोणी सातोशीला विचारले, की पैसे टाकताच खाऊ बाहेर देणाऱ्या यंत्राला दहा मिनिटे थांबणे कसे परवडेल? त्यावर त्याचे म्हणणे असे, की मध्ये एखादी पेढी असावी. तिने काही सेकंद जाळ्यावर नजर ठेवावी, दुसरे देणे जाहीर होताना दिसले नाही तर खाऊ सोडावा. खाऊच्या पुड्यासाठी एवढी खात्री पुरते. हे उत्तर व्यवहारी आहे, आणि ज्याने विश्वासाची गरजच उरू नये म्हणून वही निर्माण केली त्यानेच ते द्यावे यात आम्हांला मौज वाटते.

किंबहुना पुष्टीदेखील होय वा नाही अशी दोन टोकांची गोष्ट नाही. सातोशीच्या निबंधातच एक गणित आहे. फसवणाऱ्याच्या हाती एकूण संगणकबळाचा दहावा हिस्सा असेल, तर पाच पानांनंतर त्याच्या यशाची शक्यता हजारात एकाहून खाली जाते. पण त्याच्याकडे तीस टक्के बळ असेल, तर त्याच खात्रीसाठी चोवीस पाने थांबावे लागते. व्यापाऱ्यांत सहा पानांचा संकेत रूढ झाला तो यातूनच.

याहून बोलकी हकीकत २०१३ च्या मार्चमधील आहे. त्या महिन्याच्या ११ व १२ तारखांच्या दरम्यान वहीच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती एक पान मान्य करी आणि जुनी आवृत्ती तेच नाकारी, असा प्रसंग उद्भवला. वहीला दोन शेपटे फुटली आणि दोन्ही वाढू लागली. नवे शेपूट अधिक बळाचे होते. नियमाप्रमाणे तेच खरे ठरावयाचे. परंतु जुनी आवृत्ती वापरणारे असंख्य लोक त्यामुळे वहीबाहेर पडले असते. तेव्हा पाने लिहिणाऱ्या मोठ्या संघांच्या चालकांशी जाणत्या लोकांनी तातडीने बोलणे केले, आणि त्या चालकांनी आपण होऊन जुन्या आवृत्तीकडे परतणे पत्करले. वीसहून अधिक लिहिलेली पाने फाडली गेली आणि त्या पानांची मिळकतही त्यांनी सोडून दिली. या गोंधळात पुष्टी मिळालेला एक मोठा व्यवहार उलटून दुबार खर्चही झाला. ही हकीकत वाचताना आम्हांला त्या चालकांविषयी आदर वाटला. विश्वासाला जागा नाही असे जिच्याविषयी सांगितले जाई, त्या वहीची एकवाक्यता त्या रात्री काही माणसांनी एकमेकांचे ऐकून आणि स्वतःचे नुकसान सोसून राखली.

पहिल्या थरावरील पुष्टीपूर्व देण्याची सुरक्षितताही बराच काळ अशाच एका सभ्य संकेतावर टिकून होती. एकाच पैशाची दोन देणी समोर आली, तर आधी पाहिलेले ठेवावे आणि मागाहून आलेले टाकून द्यावे, असे बहुतेक संगणक करीत. हा संकेत होता, निर्बंध नव्हता. २०१६ मध्ये ‘हे देणे मी बदलू शकेन’ अशी खूण करून ठेवलेली देणी अधिक शुल्क देऊन बदलण्याची सोय प्रमुख सॉफ्टवेअरात आली. २०२२ मध्ये खूण नसलेली देणीही बदलू द्यावीत काय यावर वाद माजला, पुष्टीपूर्व पैशावर धंदा चालवणाऱ्यांनी हरकती घेतल्या. आणि २०२४ मध्ये ती सोय त्या सॉफ्टवेअरात मूळचीच म्हणून चालू झाली. जे कोणालाही मोडता येत होते ते उघडपणे मोडण्याजोगे केले, यात अनीती झाली असे आम्हांला वाटत नाही. संकेतावर विसंबणाऱ्याने तो संकेत आहे हे ओळखून असावे, एवढेच.

आता दुसऱ्या थराकडे वळू, कारण भाच्याचे पैसे तेथून आले होते. पहिली वही एका सेकंदात मोजकीच देणी लिहू शकते. चहाच्या कपाचे पैसे तिच्यात लिहीत बसणे शक्य नाही. यावर २०१५-१६ च्या सुमारास जोसेफ पून व थॅडियस ड्रायजा यांनी एक युक्ती मांडली, आणि २०१८ पासून लाइटनिंग नेटवर्क या नावाने ती चालू आहे. दोन पक्ष मिळून एका पेटीत पैसे ठेवतात. पेटीला दोन कुलपे. दोघांच्या सह्यांवाचून ती उघडत नाही. पेटी ठेवल्याची नोंद पहिल्या वहीत होते. अशा पेटीला चॅनेल म्हणतात. यानंतर दोघे एकमेकांना पैसे देतात म्हणजे काय करतात, तर ‘पेटीतील इतके तुझे, इतके माझे’ असा कागद सह्या करून एकमेकांच्या हवाली करतात. प्रत्येक देण्याबरोबर नवा कागद होतो आणि जुना रद्द ठरतो. कागद वहीत दाखल करीत नाहीत, मेजाच्या खणात ठेवतात. संबंध संपवायचा असेल तेव्हा शेवटचा कागद वहीत चढवून पेटी फोडतात. मध्ये हजारो देणी झाली तरी वहीला दोनच नोंदींचा पत्ता असतो, पेटी ठेवली त्याची आणि पेटी फोडली त्याची.

येथे वाचकाने थोडे थबकावे. दुसऱ्या थरावरील प्रत्येक देणे हे जन्मभर पुष्टीविना राहिलेले देणे असते. पहिल्या थरावर जी अवस्था दहा मिनिटांची आणि धोक्याची, ती येथे नित्याची केली आहे. मग येथे फसवणूक का होत नाही? कोणी रद्द झालेला, पण आपल्या फायद्याचा जुना कागद वहीत दाखल केला, तर दुसऱ्या पक्षाला तो खोडून काढण्यासाठी मुदत मिळते, आधी ठरल्याप्रमाणे साधारण एका दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत. आणि त्याने त्या मुदतीत लबाडी दाखवून दिली, तर पेटीतील सर्व पैसे त्याचे होतात. लबाडी करणाऱ्याला काहीच मिळत नाही. अट एकच, की जागे राहावे. ज्यांना स्वतः जागे राहणे जमत नाही त्यांच्यासाठी पहारा करणारे संगणक आहेत. त्यांना टेहळणीचे बुरूज म्हणतात.

स्मृतिकारांच्या भाषेत बोलायचे, तर हा दानाचा जामीन आहे. समोरचा मनुष्य कोण, त्याचे कूळ काय, तो उद्या असेल की नाही, हे पाहण्याचे कारण नाही. त्याच्या शब्दामागे पेटी आहे आणि पेटी वहीत नोंदलेली आहे. तो मेला तरी पेटी मरत नाही.

पेट्यांची अशी माळ लागली म्हणजे ओळख नसलेल्या माणसालाही मधल्या दोघाचौघांच्या हातून पैसे पोचवता येतात. मधल्याने चोरी करू नये म्हणून प्रत्येक देण्याला अट आणि मुदत लावलेली असते. शेवटच्या माणसाने एक गुप्त संख्या उघड केली तर सर्वांचे चुकते होते, नाही तर मुदतीनंतर सर्वांचे परत फिरते. माल बंदरास सुखरूप लागला तरच पैसे देय होत, अशी जोखमी हुंडी आपल्याकडे होती; अटीवरच्या देण्याची कल्पना तिच्या घराण्यातली म्हणता येईल. या योजनेत छिद्रे नाहीतच असे मात्र नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात एक छिद्र जाहीर झाले. मधल्या माणसाने मुदत संपताच आपले पैसे परत घेण्याची मागणी वहीकडे धाडली, की अधिक शुल्काचे देणे पुढे करून ती मागणी रांगेतून वारंवार ढकलून द्यावयाची, म्हणजे ती वेळेत पानावर चढणारच नाही. यावर मागणी पुन्हा पुन्हा धाडणे, मुदती लांबवणे असे उपाय योजले गेले. हा तपशील सांगण्याचे कारण असे, की दुसरा थर कितीही चतुराईने रचला तरी संकटकाळी त्याला पहिल्या वहीच्या दारात वेळेवर पोचावेच लागते, आणि दारात गर्दी असेल तर न्याय उशिरा मिळतो.

आता मूळ मुद्दा. पेटीची नोंदच अजून वहीत झाली नसेल तर? नवीन माणूस पहिल्यांदा पैसे घ्यावयास आला, की त्याच्यासाठी पेटी हवी. पेटीची नोंद व्हावयास वेळ लागतो. आणि तेवढा वेळ त्याला ताटकळत ठेवले तर तो कंटाळून निघून जातो. म्हणून २०१९ च्या सुमारास काही पेढ्यांनी अशी पद्धत काढली, की पेटी आपण ठेवावी, तिची नोंद होण्याची वाट न पाहता लगेच तीतून कागद लिहून द्यावेत, आणि ग्राहकाच्या फोनवर हिरवी खूण उमटू द्यावी. २०२२ मध्ये या पद्धतीला नेटवर्कच्या नियमपुस्तकातही स्थान मिळाले. भाच्याच्या बाबतीत हेच झाले होते.

अशा वेळी ग्राहकाच्या खणातला कागद कशाच्या बळावर उभा असतो? पेढीने मनात आणले, तर पेटीत जाणारे पैसे ती वाटेतच दुसरीकडे वळवू शकते. तसे झाले की पेटी अस्तित्वातच येत नाही आणि ग्राहकाच्या हातात नसलेल्या पेटीच्या वाटणीचा कागद राहतो. त्याने किती जागरण केले, किती बुरूज बांधले, तरी उपयोग नाही. दंड ज्या पेटीतून वसूल करायचा ती पेटीच नाही. त्या तासापुरता दानाचा जामीन जाऊन त्याच्या जागी प्रत्ययाचा जामीन बसलेला असतो. ‘ही पेढी नामांकित आहे, एवढ्याशा रकमेसाठी ती आपले नाव घालवणार नाही.’ हे बहुधा खरेही असते. ग्राहकाने तेच पैसे लगोलग त्याच पेढीमार्फत पुढे कोणास दिले, तर त्याची जोखीम तेथेच संपते, कारण पुढचे खरे पैसे पेढीलाच मोजावे लागतात. धोका आहे तो पैसे ठेवून झोपणाऱ्याला. आणि याज्ञवल्क्याने सांगितल्याप्रमाणे प्रत्ययाचा जामीन माणसाबरोबर जातो. त्याच रात्री पेढी बुडाली, तिचा धनी बदलला, तिच्या किल्ल्या चोरीस गेल्या, तर कालच्या नावलौकिकाचे ओझे उद्याच्या धन्यावर नाही.

आमचे तंत्रज्ञ मित्र यावर म्हणतात, की हा तास दोन तासांचा प्रश्न आहे, एवढा ऊहापोह कशाला? आम्हांला तो कालावधीचा प्रश्न वाटत नाही. या व्यवस्थेत कोण कोणावर विश्वास ठेवतो ते पाहावे. पेढीने ठेवलेली, नोंद न झालेली पेटी ग्राहकाने मानावयाची. ग्राहकाने ठेवलेली, नोंद न झालेली पेटी पेढी मानते काय? सहसा नाही, ती पुष्टीची वाट पाहते आणि ते शहाणपणाचेच आहे. म्हणजे मोठ्याचा शब्द लहानाने पैशासारखा घ्यावयाचा आणि लहानाचा शब्द मोठ्याने वहीत चढेपर्यंत बाजूला ठेवावयाचा. जुन्या पेठेत हेच होते. शाहजोग हुंडीचे पैसे पेठेतल्या प्रतिष्ठित शहालाच मिळत; कुळंब्याने ती हाती घेतली तर आधी शहा शोधावा लागे. त्या रीतीने हुंडी चोराच्या हाती वटत नसे हे खरे, पण ज्याला कोणी ओळखत नाही अशा गरिबाची त्यात परवड होई हेही खरे. नव्या वहीची जी बाजू आम्हांला मनापासून आवडते ती हीच, की तिने ओळखीची अट काढून टाकली. ज्याला शहा भेटत नाही त्यालाही तिथे पैसे घेता येतात. घाईच्या पोटी आपण ही अट मागच्या दाराने परत आणीत आहो, आणि परत आणताना ती दिसू नये अशी खटपट करीत आहो.

दंडाच्या भीतीने पाळलेली सचोटी ही सचोटीच नव्हे, तेव्हा शीलावर विसंबणे हेच उच्चतर, असा एक आक्षेप यावर येईल. तो वजनदार आहे. पेटी आणि दंड यांच्या जोरावर चालणाऱ्या दोन माणसांत मैत्री उत्पन्न होत नाही, हे आम्हांला मान्य आहे. आपल्या देवळांत पावणी होते तेव्हा देवाला वाहिलेल्या वस्तूवर बोली बोलणारा मनुष्य उभ्या उभ्या पैसे मोजतोच असे नाही. त्याचा उच्चार झाला की सभामंडपात बोली पक्की होते, कारण ती देवासमोर आणि ओळखीच्या शंभर माणसांसमोर झालेली असते. तेथे कोणी दोन कुलपांची पेटी मागितली तर आपल्याला ते अपमानाचे वाटेल. परंतु त्या मंडपात जो शब्द चालतो तो सर्वांना शब्द म्हणूनच ठाऊक असतो. पैसे जमा झाले अशी नोंद खजिनदार तेव्हाच करीत नाही. बोली येणे बाजूस लिहितो आणि पैसे मिळाले की जमा धरतो. शीलावर विसंबण्यात कमीपणा नाही. पण आपण शीलावर विसंबत आहोत हे विसंबणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ज्याला ते ठाऊकच नाही, त्याचा विश्वास त्याने दिलेला नसतो, त्याच्याकडून काढून घेतलेला असतो.

या संदर्भात नरसी मेहत्यांची हुंडी आठवल्यावाचून राहत नाही. महिपतींच्या भक्तिविजयामुळे ती कथा मराठी घराघरांत पोचली आहे. द्वारकेस निघालेल्या यात्रेकरूंनी वाटेत चोरांच्या भयाने आपले पैसे द्वारकेवरच्या हुंडीत बदलून घ्यायचे ठरवले. टवाळांनी त्यांना नरसींकडे धाडले. नरसींची ना पेढी, ना द्वारकेत आढतिया. त्यांनी सावळशा शेटाच्या नावाने हुंडी लिहून दिली आणि ती प्रत्यक्ष भगवंताने वटवली. कीर्तनकार या कथेत नरसींची निष्ठा गातात आणि ते योग्यच आहे. आम्हांला मात्र अलीकडे त्या यात्रेकरूंची चिंता वाटू लागली आहे. नरसींना ठाऊक होते की आपण कोणावर हुंडी काढीत आहोत. यात्रेकरूंना ते ठाऊक नव्हते. त्यांच्या समजुतीप्रमाणे द्वारकेत सावळशा नावाची पेढी होती. द्वारकेच्या बाजारात त्या नावाची चौकशी करीत हिंडताना त्यांच्या मनाची काय दशा झाली असेल? भगवंत धावून आला म्हणून कथा गोड झाली. आजच्या पेढ्यांच्या ग्राहकांची भिस्त सावळशावर ठेवणे बरे नव्हे.

तर मग पुष्टीपूर्व पेटी बंद करावी काय? असे आम्ही म्हणत नाही. ज्याला खाऊच्या पुड्याएवढे पैसे घ्यावयाचे आहेत त्याला तासभर उपाशी ठेवण्यात काही धर्म नाही. काही जाणत्या पेढ्या अशा पेटीतून द्यावयाच्या रकमेला मर्यादा घालतात, ते आम्हांला शहाणपणाचे वाटते. काही जण फोनच्या काचेवर ‘पुष्टी बाकी’ असे लहान अक्षरांत लिहितात. अक्षरे लहान का, हे आम्हांला कळत नाही. ‘आले’ हे मोठ्या अक्षरांत आणि ‘अजून आले नाही’ हे बारीक अक्षरांत, ही युक्ती आम्ही आणखी पुष्कळ कागदांवर पाहिलेली आहे, आणि ती लिहिणाऱ्याला आपण काय लिहीत आहो हे पुरते ठाऊक असते. हिरव्या खुणेऐवजी पिवळी खूण करावी, तीपुढे ‘अमुक पेढीच्या शब्दावर’ असे लिहावे, आणि पेटीची नोंद झाली की ती हिरवी व्हावी. एवढी दुरुस्ती करावयास आकडेमोड लागत नाही. ग्राहक पिवळी खूण पाहून दचकेल आणि दुसऱ्या पेढीकडे जाईल ही भीती खरी आहे. ती भीती आहे म्हणूनच खूण आज हिरवी आहे.

भाच्याला आम्ही हे सारे त्या दिवशी सांगितले नाही. चतुर्थीच्या घरात एवढे ऐकून घेण्यास कोणाला सवड असते? दुपारी पंगत उठल्यावर त्याने पुन्हा फोन काढून पाहिला. पेटीची नोंद झाली होती, दोन पानेही त्यावर चढली होती. काचेवरील खुणेत काही फरक नव्हता. सकाळी होती तशीच ती हिरवी होती.